निर्बंध आणि मोकळीक : यहुदी धर्मशास्त्रातील एक जुना प्रश्न

रतलामच्या रेल्वे वसाहतीत आमच्या शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. काका वडिलांचेच सहकारी. मूळ गाव तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले आणि आडनाव आपल्यासारखेच ‘कर’ने संपणारे. काकू नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालीत आणि आमच्या आजीपेक्षा चांगले मराठी बोलत. शनिवारी मात्र त्या घरची चूल पेटत नसे. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी रांधून ठेवलेले अन्न झाकलेले असे. माझी आई एकदा कौतुकाने म्हणाली, ‘‘वहिनी, आमच्या एकादशीपेक्षा तुमचा शनिवार कडक दिसतो.’’ काकू हसून म्हणाल्या, ‘‘तेवढंच तर आम्हांला ठाऊक होतं हो!’’ काकांना कधीकधी शनिवारी ड्यूटी लागे आणि ते निमूटपणे डबा घेऊन जात. त्यावर काकू कधी एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. स्वतःची चूल मात्र त्यांनी कधी पेटवली नाही.

१९६९ साली ते कुटुंब इस्रायलला गेले. त्या आधी चार-पाच वर्षे त्यांच्या घरात जाऊ की नको असा घोळ चालला होता. त्याचे कारण वर्तमानपत्रांतून येणाऱ्या काही बातम्या होत्या, एवढेच माझ्या बालबुद्धीला कळले होते. त्या बातम्या कसल्या होत्या हे मी सेवानिवृत्तीनंतर शोधून वाचले, आणि वाचता वाचता यहुदी धर्मशास्त्रातील एका फार जुन्या वादापाशी येऊन पोहोचलो. आयुष्यभर नियम लावण्याचेच काम केलेल्या मनुष्याला तो वाद आपल्या घरचा वाटला, यात नवल नाही.

यहुद्यांच्या धर्मशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. शब्दाचा धात्वर्थ चालण्याशी जोडलेला आहे. म्हणजे चालण्याची रीत, आपल्या भाषेत आचारमार्ग. मूळ तोरा, तिच्यावर इसवी सन २०० च्या सुमारास ग्रंथबद्ध झालेली मिशना, तिच्यावरील शतकानुशतकांच्या चर्चेचा महासागर म्हणजे तालमूद, आणि त्यानंतरचे भाष्यकार व निबंधकार, अशी ही परंपरा आहे. आपल्याकडील श्रुती, स्मृती, मिताक्षरा आणि निर्णयसिंधू ज्यांना परिचित आहेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. या शास्त्रात एखाद्या प्रश्नावर कडक मत स्वीकारणे याला ‘हुमरा’ आणि मोकळीक देणारे मत स्वीकारणे याला ‘कुला’ अशा संज्ञा आहेत. दोन्ही मते शास्त्राच्या आतलीच असतात, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपण आगरकर वाचून वाढलेली माणसे. सौम्य मत म्हणजे सुधारणा आणि कडक मत म्हणजे रूढी असे समीकरण आपल्या मनात नकळत बसलेले असते. हलाखातील कुला म्हणजे सुधारणा नव्हे. ती देणारा रब्बी शास्त्राबाहेर एक पाऊलही टाकीत नाही. त्याच ग्रंथांतून, त्याच युक्तिवादाच्या रीतीने तो वाट काढतो.

या वादाचे मूळ पुरुष म्हणून हिल्लेल आणि शम्मई यांची नावे घेतली जातात. इसवी सनाच्या आरंभीचे हे दोन आचार्य. त्यांच्या शिष्यशाखांत शेकडो प्रश्नांवर मतभेद होते आणि बहुतेक ठिकाणी शम्मईचे घराणे कडक, हिल्लेलचे सौम्य. तालमूदातील कथा अशी, की तीन वर्षे वाद चालल्यावर आकाशवाणी झाली : दोन्ही पक्षांची वचने जिवंत ईश्वराचीच आहेत, तथापि आचरण हिल्लेलच्या मताप्रमाणे करावे. दोन्ही जर ईश्वराचीच, तर हिल्लेलला झुकते माप का? सौम्य मत अधिक बरोबर म्हणून, असे उत्तर तालमूद देत नाही. हिल्लेलचे शिष्य नम्र होते, ते आपल्या मताबरोबर प्रतिपक्षाचेही मत शिकवीत आणि तेही आपल्या मताच्या आधी, म्हणून त्यांचा मान. असे ते उत्तर आहे. मला हे फार मोठे वाटते. निर्णयाचा निकष निर्णयाच्या कडकपणात वा सौम्यपणात न शोधता निर्णय करणाऱ्याच्या वृत्तीत शोधलेला आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक टोकदार विचार आहे. दोन्ही घराण्यांच्या फक्त सवलती वेचून घेणाऱ्यास तालमूद दुष्ट म्हणते. हे कोणालाही पटेल. परंतु दोन्ही घराण्यांचे फक्त निर्बंध वेचणाऱ्यासही ते सोडत नाही. त्याला ते अंधारात चालणारा मूर्ख ठरवते. कारण दोन परस्परविरुद्ध मते एकाच वेळी पाळणाऱ्याला खरे काय याच्याशी कर्तव्यच उरलेले नसते. त्याला फक्त आपण चुकलो नाही एवढी हमी पाहिजे असते. सरकारी कार्यालयात अशी माणसे मी पुष्कळ पाहिली. ‘कोणता नियम लागू होतो?’ हा प्रश्न त्यांना पडत नाही. ‘कोणता शेरा मारला म्हणजे माझ्यावर काही येणार नाही?’ एवढाच पडतो. ही माणसे मी पाहिली असे लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते. का, ते पुढे येईल.

कडक बाजूचे म्हणणे मात्र नीट ऐकले पाहिजे. नाहीतर आपण हिल्लेलच्या शिष्यांचे नाव घेण्यास अपात्र ठरू. तोरेभोवती कुंपण घालावे, असा प्राचीन आचार्यांचा उपदेश आहे. विहिरीच्या काठावर पाऊल न ठेवणारा विहिरीत पडत नाही, हा त्यातला साधा विचार. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्यानंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षे राज्य नाही, सैन्य नाही, सलग भूमी नाही, अशा अवस्थेत हा समाज टिकला, तो या कुंपणांमुळेच. आणि याचे अगदी जवळचे उदाहरण आमच्या काकूंच्या कोकणातलेच आहे.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक शतके ना रब्बी, ना तालमूद, ना हिब्रू. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, विशिष्टच मासे खाणे, आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे पहिले शब्द, एवढी पुंजी उरली होती. दाविद राहबी नावाच्या प्रवाशाने त्यांना ओळखले ते याच खुणांवरून. त्याने निरनिराळे मासे रांधायला दिले तेव्हा बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले, अशी कथा हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासग्रंथात नोंदलेली आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यायची, उपवास करायचा आणि बाहेरच्या कोणाला भेटायचे नाही. ग्रंथात उपवास आहे, दारे लावणे नाही. कोकणातल्या त्या निरक्षर तेल्यांनी स्वतःच घातलेले ते कुंपण. शनिवारी घाणा बंद ठेवण्यात धंद्याचे नुकसान होते. शेजारचे तेली रोज घाणा फिरवीत. एखाद्या समंजस वडीलधाऱ्याने ‘एवढे कडक कशाला?’ म्हणून सवलत दिली असती, तर दोन-तीन पिढ्यांत हा समाज कोकणातल्या जातींत विरघळून गेला असता. काकूंच्या त्या एका वाक्याचा अर्थ हा होता.

तेव्हा कडकपणा हा नेहमी अज्ञानातून वा दुष्टपणातून येतो असे नाही. पण त्या तेल्याच्या कडकपणाचे एक वैशिष्ट्य पाहा. त्याची किंमत तो स्वतः मोजीत होता. बुडणारा दिवस त्याचा, बुडणारे तेल त्याचे.

स्वतःपुरता पाळलेला कडकपणाही नेहमीच स्तुत्य मानला गेला, असे नाही. मिशनेत रब्बी तारफोन यांची हकीगत आहे. प्रवासात असताना संध्याकाळची प्रार्थना त्यांनी शम्मईच्या मताप्रमाणे आडवे होऊन म्हटली आणि तेवढ्यात दरोडेखोरांमुळे जिवावर बेतले. सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवण्याऐवजी, हिल्लेलच्या ठरलेल्या मताविरुद्ध वागलात, तेव्हा तुमचे तुम्हीच ओढवून घेतलेत, असे सुनावले. आपल्याला हे निष्ठुर वाटते. परंतु समाजाने एकदा ठरवलेल्या वाटेहून अधिक पुण्यवान वाट धरण्यात जो सूक्ष्म अहंकार असतो, त्यावर ते बोट आहे. मद्य वर्ज्य करणाऱ्या व्रतस्थाला व्रताच्या शेवटी पापक्षालनाचा बळी का द्यावा लागतो, यावरही तालमूदात चर्चा आहे. त्याने देवाने दिलेल्या सुखाला नकार दिला, हेच त्याचे पाप, असे एका आचार्यांचे मत. दुसरे आचार्य त्यालाच पवित्र म्हणतात. वाद मिटवलेला नाही. जेरुसलेमच्या तालमूदात तर, तोरेने निषिद्ध केले तेवढे पुरेसे नाही म्हणून तू आणखी निषेध वाढवतोस काय, अशा आशयाचा सवाल व्रतांचा हव्यास असणाऱ्यांना केलेला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवरा बेपत्ता झाला आणि तो जिवंत की मृत हे कळत नाही, अशा स्त्रीला हलाखात ‘अगुणा’ म्हणतात, म्हणजे नांगरलेली, साखळीने बांधलेली. (आपल्या ‘अगुण’ शब्दाशी संबंध नाही.) परस्त्रीगमनाचा निषेध हा तोरेतील अत्यंत कठोर निषेधांपैकी, नवरा जिवंत असता तिचा पुनर्विवाह झाला तर पाप घोर आणि संततीवर कलंक. म्हणजे संशय आल्यास कडक बाजू घ्यावी, या सर्वमान्य सूत्राचे हे आदर्श उदाहरण व्हायला हवे होते. प्रत्यक्षात प्राचीन आचार्यांनी नेमके उलट केले. एरवी दोन पुरुष साक्षीदार हवेत; येथे एक पुरला. एरवी स्त्रीची वा दासाची साक्ष चालत नसे, येथे चालली. ऐकीव साक्षही चालली. कारण दिले गेले ते असे, की नवरा परत आलाच तर तिच्यावर येणारा प्रसंग इतका दारुण असतो, की ती स्वतःच खात्री केल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. शेवट कडक आहे म्हणून आरंभ सौम्य ठेवता येतो. मनुष्यस्वभावावर एवढा विश्वास टाकणारा कायदा मी क्वचितच वाचला आहे.

याच प्रकरणात एक सुंदर गोष्ट आहे. परदेशाहून एकटी परतलेली स्त्री नवरा वारल्याचे सांगते. हिल्लेलचे घराणे म्हणाले, पूर्वी जसे प्रकरण घडले होते तसेच, म्हणजे ती कापणीच्या कामावरून परतली असेल, तरच तिचे ऐकावे. शम्मईचे घराणे, तेच कडक म्हणून प्रसिद्ध असलेले, म्हणाले, कोठूनही परतली तरी ऐकावे. हिल्लेलच्या शिष्यांनी आपले मत मागे घेतले. मग प्रश्न आला विवाहकरारातील तिच्या रकमेचा. हिल्लेलचे म्हणणे, लग्न करू द्यावे, पण रक्कम देऊ नये. शम्मईच्या पक्षाने विचारले, की विवाहासारख्या गंभीर बाबतीत तिच्या शब्दावर विश्वास ठेवता आणि पैशासारख्या हलक्या बाबतीत नाही, हे कसे? हिल्लेलच्या शिष्यांनी याही ठिकाणी माघार घेतली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदीत मला माझी एक नस्ती दिसली. (आमच्या मध्य प्रदेशात फाइलला नस्ती म्हणतात; मराठी वाचकांना तो शब्द चमत्कारिक वाटेल, पण मला दुसरा सुचत नाही.)

१९८९ साली मी एका जिल्हा कार्यालयात पेन्शनची प्रकरणे पाहत होतो. वय एकतीस, हाताशी नियमांची पुस्तके आणि मनात लेखापरीक्षणाची धास्ती. एका चौकीदाराची पत्नी अर्ज घेऊन आली. नवरा तीन वर्षांमागे पावसाळ्यात कामावरून परतला नव्हता. नदीला पूर होता, पण प्रेत मिळाले नव्हते. पोलिसात नोंद होती, तपास लागला नाही असा दाखलाही होता. बाईच्या कपाळावर कुंकू होते. १८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत समजण्याची तरतूद होती. (२०२४ पासून नवा अधिनियम आला, सात वर्षे तीच आहेत.) मी टीप लिहिली : मृत्यूचा दाखला नाही, सात वर्षे पूर्ण नाहीत, मुदतीनंतर पुन्हा सादर करावे. टीप निर्दोष होती. साहेबांनी खाली सही केली. बाईने विचारले, ‘‘भैयाजी, हे कुंकू पुसून आले असते तर काम झालं असतं का?’’ मी नियम समजावून सांगितला.

केंद्र सरकारने बेपत्ता कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी १९८६ सालीच आदेश काढून एका वर्षानंतर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा केला होता. तो आदेश माझ्या कार्यालयाला आपोआप लागू नव्हता; पण त्याचा हवाला देऊन वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागता आले असते. त्यासाठी तो आदेश ठाऊक असायला हवा होता. मला ठाऊक नव्हता आणि मी शोधलाही नाही. तालमूदात एक सूत्र आहे, की मोकळीक देणाऱ्याचे बळ श्रेष्ठ. अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी त्याचे स्पष्टीकरण असे करतो, की निषेध तर कोणीही करू शकतो, ज्याला ज्ञान नाही तोही, सावधगिरी म्हणून. परवानगी देणाऱ्याला मात्र स्वतःच्या विद्येवर उभे राहावे लागते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्याला मी तीस वर्षे नियमनिष्ठा समजत आलो, तिच्यात अज्ञान किती आणि भीती किती होती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. ती बाई चार वर्षांनी पुन्हा आली, तोवर माझी बदली झाली होती. तिला वेतन सुरू झाले असे कळले. तिच्या थोरल्या मुलाने दरम्यान शाळा सोडली होती, हेही कळले.

या बाबतीत आधुनिक काळातही मोठी कामे झाली आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरातील युद्धानंतर इस्रायलमध्ये शेकडो सैनिकांची प्रेते सापडली नाहीत वा ओळखता आली नाहीत. त्यांच्या बायकांना मुक्त करण्याचे काम प्रामुख्याने रब्बी ओवादिया योसेफ यांच्याकडे आले. जवळजवळ हजार स्त्रियांची प्रकरणे त्यांनी एकेक पुरावा पाहून निकाली काढली, असे सांगितले जाते. बगदादमध्ये जन्मलेले हे विद्वान १९७३ ते १९८३ या काळात सेफार्दी पंथाचे मुख्य रब्बी होते. त्यांची राजकारणातील भाषा पुष्कळदा ऐकवत नसे, हेही खरे. परंतु निर्णय देताना, मोकळीक देणाऱ्याचे बळ श्रेष्ठ, या सूत्रावर त्यांनी आपली प्रचंड विद्या उभी केली. एकाच मनुष्यात सभेतील जीभ एवढी कठोर आणि न्यायासनावरील हात एवढा मृदू असू शकतो. २००१ साली न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळल्यावर तेथील रब्बींच्या न्यायालयासमोर पुन्हा हाच प्रश्न उभा राहिला, आणि प्राचीन मिशनेच्या शेजारी डीएनएचे अहवाल ठेवून वाट काढण्यात आली.

आणि आता त्या बातम्या. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवलेले आहेत. त्या देशात त्यांना नोंदणी विवाहाची दुसरी वाट नाही. तेथे स्थायिक झालेल्या बेने इस्रायल मुलामुलींची लग्ने इतर यहुद्यांशी लावण्यास काही रब्बींनी नकार दिला. शंका अशी, की शतकानुशतके या लोकांना शास्त्रोक्त घटस्फोटपत्र ठाऊक नव्हते. एखाद्या स्त्रीचे पहिले लग्न शास्त्राप्रमाणे मोडलेच नसेल आणि तिने दुसरे केले असेल, तर त्या संततीला ‘मम्झेर’ म्हणतात, आणि मम्झेराला सामान्य यहुद्याशी विवाह वर्ज्य आहे. हा कलंक पिढ्यानपिढ्या चालतो. असे कोणाचे झाले होते? कोणालाच ठाऊक नव्हते. झाले असेल, एवढेच.

१९६१ मध्ये मुख्य रब्बिनेटने, या समाजाशी विवाह निषिद्ध मानण्यास आधार नाही, असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या आरंभी निघालेल्या सूचनांत, विवाह लावणाऱ्या रब्बीने बेने इस्रायल अर्जदाराच्या आईची, आजीची आणि जमेल तेवढ्या मागल्या पिढ्यांची चौकशी करावी, असे आले. म्हणजे मोकळीक दिली आणि तिच्या दारात कुंपण घातले. पेणची वा रोह्याची कोणती पणजी कोणत्या रब्बीसमोर उभी राहून लग्न लावून गेली होती, की तिचा दाखला मिळावा?

शास्त्राच्या आतून याला उत्तर होते आणि अनेक रब्बींनी ते दिलेही. तोरेचा निषेध निश्चित मम्झेरास आहे, संशयितास नाही, असे तालमूदच म्हणते. दुसरे, या समाजात घटस्फोटच जवळजवळ होत नसत. (येथे एक विचित्र विनोद आहे. कोकणातल्या उच्चवर्णीय शेजाऱ्यांचे पाहून त्यांच्यात विधवाविवाहही होत नसत. उसन्या घेतलेल्या कडकपणाने त्यांच्या बाजूला थोडे बळ दिले!) तिसरे आणि माझ्या मते सर्वांत थोर तत्त्व असे, की एखाद्या कुळात जे मिसळून गेले ते मिसळून गेले, ते उकरून काढू नये. तालमूदातील आचार्यांना वंशशुद्धीची कळकळ कमी नव्हती. तरी त्यांनी मुद्दाम न पाहण्याला शास्त्राचे स्थान दिले. पडताळणीची सारी यंत्रणा हाताशी असताना ती न चालवणे, हे ज्ञानाच्या अभावी घडत नाही. त्यालाही विद्या लागते.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेचे विशेष अधिवेशन बोलावण्यात आले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल होते. बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे शासनाने जाहीर केले. त्यानंतर रब्बिनेटने सूचनांतून समाजाचे नाव काढून टाकले आणि ज्याच्याविषयी शंका येईल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मजकूर घातला. नियम तसाच राहिला, बोट दाखवणे तेवढे गेले. पुष्कळांना हे अपुरे वाटले. मला मात्र तो फरक लहान वाटत नाही. एका अर्जदारावर शंका घेणे आणि एका संपूर्ण समाजाला संशयित म्हणून छापणे, यांत अंतर आहे.

कडक बाजू घेणारे ते रब्बी दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. तेही पावित्र्याचे कुंपणच राखत होते, जसे शनवार तेल्याने राखले होते. पण तेल्याचा दिवस बुडत होता तो त्याचा स्वतःचा. येथे कुंपण रब्बींचे आणि मोडणारे लग्न दुसऱ्याचे. एकोणिसाव्या शतकातील लिथुएनियाचे रब्बी इस्रायल सालांतर यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. जेवणापूर्वी हात धुताना भरपूर पाणी वापरणे पुण्याचे मानले जाते. ते मात्र शास्त्राला लागेल तेवढेच, अगदी थोडे पाणी घेत. एवढा कठोर व्रती मनुष्य येथे सवलत का घेतो, असे विचारल्यावर त्यांनी पाणी वाहून आणणाऱ्या मोलकरणीकडे लक्ष वेधले. पुण्य त्यांचे आणि खांदा तिचा, हे त्यांना मान्य नव्हते. याच सालांतरांनी १८४८ च्या कॉलऱ्याच्या साथीत विल्ना शहरात, योम किप्पूरच्या दिवशीही लोकांनी अन्न घ्यावे, असे सांगितले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. पुढे ब्रिस्कचे रब्बी हाईम सोलोवेचिक अशाच प्रसंगी म्हणत, की मी उपवासाबाबत सौम्य नाही, जीव वाचवण्याबाबत कडक आहे. हे केवळ शब्दचातुर्य नव्हे. एका नियमातला प्रत्येक कडकपणा दुसऱ्या कोणत्या तरी नियमातली ढिलाई असतो. फक्त दुसरा नियम आपल्या टेबलावर नसतो. माझ्या टेबलावर सात वर्षांचा नियम होता. चौकीदाराच्या मुलाची शाळा दुसऱ्या खात्यात होती.

सौम्यपणालाही सरसकट प्रशस्तिपत्र देता येत नाही. दुसऱ्याच्या खर्चाने दिलेली सवलतही असते. पत्नीला घटस्फोटपत्र नाकारून अडवून ठेवणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत न्यायालय मृदू राहिले, तर त्याचा भार त्या स्त्रीवर पडतो. म्हणून इस्रायलला १९९५ मध्ये अशा नवऱ्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार रब्बींच्या न्यायालयांना कायद्याने द्यावा लागला. तेथे कडक होणे हीच करुणा होती.

काकूंची पत्रे आईला बरीच वर्षे येत, मराठीत, मोडक्या पण ठसठशीत अक्षरात. त्यांच्या धाकट्या लेकीने तिकडेच पोलंडहून आलेल्या कुटुंबातला मुलगा पसंत केला. लग्न रब्बींनी लावले, काही अडचण आली नाही, एवढे एका पत्रात होते. पूर्व युरोपातील यहुदी वल्हांडणाच्या सणात तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य मानतात. तोरेत हा निषेध नाही. मध्ययुगात तिकडच्या रब्बींनी घातलेले ते कुंपण. (अमेरिकेतील एका पंथाने २०१५ मध्ये ते काढूनही टाकले.) सेफार्दी यहुदी आणि आपले कोकणातले बेने इस्रायल मात्र सणातही भात खातात; कोकणच्या माणसाला भात सोडायला कोण सांगणार? काकूंच्या लेकीने लग्नानंतर सासरची रीत धरली. आईला आलेल्या शेवटच्या काही पत्रांपैकी एकात काकूंनी लिहिले होते, की लेक-जावई सणाला येतात तेव्हा ते सात दिवस भाताला शिवत नाहीत. मी माझा भात करते आणि खाते, पण त्यांची भांडी वेगळी काढून ठेवते, आणि भाताचे झाकण त्यांच्यासमोर उघडत नाही.